आवकला नंबर पडलेलं पत्र

माफ केलं की माणूस हलका होतो, असं ज्यांना दुसऱ्यांना सांगायची हौस असते, त्यांनी हे वाचू नये. मी माफ केलेलं नाही. आणि मी चांगली हलकी आहे, दोन भाकऱ्या खाते आणि पडल्या पडल्या झोपते.

खातं कुठलं ते सांगत नाही. सांगितलं तर कोल्हापुरात तासाभरात माणूस कोण ते कळेल, चहाच्या गाड्यावर चर्चा होईल आणि वर मलाच फोन येतील. बांधकामाची कामं बघणारं एक सरकारी कार्यालय, एवढं पुरे. मी तिथं कनिष्ठ अभियंता होते. वडील उद्यमनगरात फौंड्रीत मोल्डर, त्यांच्या हातावर भट्टीचे डाग होते ते शेवटपर्यंत गेले नाहीत. मी डिग्री काढली. आम्ही बौद्ध, मी आरक्षणातून लागले. मार्कही होते, पण ते किती होते हे मी सांगत नाही. एकदा सांगायला सुरुवात केली की जन्मभर सांगतच बसावं लागतं.

आधी मी आजऱ्याला होते. पावसाळ्यात रेनकोट घालून लुनावरून साईटवर जायचं, चिखलात उतरायचं, मुकादमाशी भांडायचं. छाती कधी धडधडली नाही. कोल्हापूरला बदली झाली आणि दोन हजार साली आमच्या कार्यालयात नवे साहेब आले. तिथून हे सुरू होतं.

साहेब म्हणजे कार्यकारी अभियंता, आमच्या कार्यालयाचे मालकच म्हणा. कडक इस्त्रीची सफारी, खिशाला हिरव्या शाईचं पेन, आवाज गडगडाटी. माणूस वाईट होता असं कुणी म्हणणार नाही. सगळ्यांशी हसून बोलायचे. माझ्याशीपण हसूनच बोलायचे, तीच तर गोम होती.

आमच्याकडं एक पद्धत आहे. नवीन माणूस भेटला की पहिला प्रश्न, आडनाव काय. दुसरा, गाव कुठलं. आणि तिसरा, ‘पावणं कुठलं?’ म्हणजे तुमच्या सोयरिकी कुठल्या गावात, कुणाच्या घरात. वरून बघितलं तर जिव्हाळा. खरं बघितलं तर तीन प्रश्नांत माणसाची जात बाहेर काढायची कोल्हापुरी युक्ती. माझं आडनाव असं की ते तीन-चार जातींत सापडतं. त्यामुळं पहिल्या दोन प्रश्नांपर्यंत समोरचा खूश असायचा. तिसऱ्याला तोंड उतरायचं, आणि मग मॅडमची बाई व्हायची.

साहेबांना हा खेळ फार आवडला. कुणी कंत्राटदार, कुणी पुढारी, कुणी पेठ वडगावचा व्यापारी, केबिनमध्ये आला की मला फाईल घेऊन बोलवायचे आणि म्हणायचे, “ह्या आमच्या बाई. हुशार हायत. ह्यांचं पावणं कुठलं, विचारा की!” आणि खुर्चीत मागं रेलून बघत बसायचे. आलेला माणूस विचारायचा. मी सांगायचे. तो ‘बरं, बरं’ म्हणायचा आणि टेबलावरचा स्वतःचा चहाचा कप जरा आपल्या बाजूला ओढायचा. एवढंच. ह्याची तक्रार कुठल्या कलमाखाली करायची, सांगा बघू?

आणि तक्रार करायची नव्हतीच, कारण मला उपअभियंता व्हायचं होतं. बढतीला पाच वर्षांचे गोपनीय अहवाल बघतात, आम्ही त्याला सीआर म्हणतो. तो लिहिणार साहेब. पहिल्या वर्षी त्यांनी मला ‘ब उणे’ दिला. दुसऱ्या, तिसऱ्या वर्षीही तोच. आणखी एक तसला मिळाला असता तर माझ्यामागून लागलेली पोरं माझ्यावर साहेब होऊन बसली असती आणि मी रिटायर होईपर्यंत कनिष्ठच. आईला मी सांगून ठेवलं होतं, “आई, अधिकारी झाल्याशिवाय लग्नाचं काढू नको.” ती म्हणायची, “हुशील की गं. तुझ्या बाच्यानं झालं न्हाय ते तू करशील.” आता एवढं ऐकल्यावर माणूस मागं फिरतो होय?

पहिला झटका आला तो साहेब आले त्याच वर्षी, महिन्याच्या आढावा बैठकीत. वीस-पंचवीस माणसं, मी माझ्या कामाची प्रगती वाचायला उभी राहिले. साहेबांच्या शेजारी एक पाहुणे बसले होते. साहेबांनी माझ्याकडं बघून त्यांच्या कानात काहीतरी सांगितलं आणि दोघं हसले. मला माहीत होतं काय सांगितलं ते. आणि एकदम माझा घसा बंद झाला. बंद म्हणजे कुणी मुठीत धरल्यासारखा. छाती धडाधड उडायला लागली, बोटांना मुंग्या, हातातला कागद थरथरायला लागला आणि त्याचा आवाज सगळ्यांना ऐकू जायला लागला. मी मटकन खाली बसले. साहेब मोठ्यानं म्हणाले, “बाई, मिरगी बिरगी येती का काय तुम्हास्नी?” आख्खी बैठक हसली.

त्यानंतर ते यायलाच लागलं. ऑफिसचा जिना चढताना. फोन वाजला की. रविवारी संध्याकाळी तर हमखास, कारण दुसऱ्या दिवशी सोमवार. एकदा सही करताना हात असा हलला की बँकेनं चेक परत पाठवला. डॉक्टरकडं गेले, त्यांनी ईसीजी काढला, “काही नाही, गॅस आहे,” म्हणाले आणि पांढऱ्या गोळ्या दिल्या. आईनं मीठ-मोहऱ्या ओवाळून चुलीत टाकल्या. एका मैत्रिणीनं हळूच मानसोपचाराच्या डॉक्टरांचं नाव सुचवलं. मी गेलेसुद्धा. दाराबाहेरच्या बाकड्यावर आमच्या ऑफिसमधल्या एका शिपायाचा मेव्हणा बसलेला दिसला आणि मी तशीच लुना वळवली. कोल्हापूर हे एवढं! वेड्याच्या डॉक्टरकडं गेली म्हटल्यावर सीआरमध्ये आणखी काय लिहायचं राहिलं?

मग सायबर कॅफे. दोन हजार तीनच्या सुमाराला राजारामपुरीत प्रत्येक गल्लीत एक होता. प्लायवूडची खोपटी, त्यांना पडदे, आत बसलेली कॉलेजची पोरं काय बघत होती ते देवाला माहीत. मी ऑफिस सुटल्यावर जायचे. लोडशेडिंग होतं, एकदा दीड तास लिहिलेलं सगळं लाईटीबरोबर गेलं. मालक म्हणाला, “मॅडम, मधनं मधनं सेव करत जावा की.” आता त्याला काय सांगू, मी काय सेव करू म्हणून.

आमच्या समाजातल्या शिकलेल्या लोकांचा एक ई-मेल ग्रुप होता. दिल्लीपासून दुबईपर्यंतचे लोक त्यात, आणि रोज भांडणं. त्यात एकीनं लिहिलं होतं की ती मूळची नागपूरकडची, अमेरिकेत समुपदेशक आहे, आणि तिच्याकडं येतात ती सगळी काळ्या-सावळ्या कातडीची नोकरदार माणसं. वकील, नर्स, इंजिनियर. चांगला पगार, चांगला कोट, आणि मीटिंगला जायच्या आधी बाथरूममध्ये उभं राहून धापा टाकणारी. ती कॉम्प्युटरवरून त्यांच्याशी बोलते. आपल्या लोकांतही असे असतील तर लिहा, मराठीत लिहिलं तरी चालेल, फी नको, असं तिनं म्हटलं होतं.

मी ते तीनदा वाचलं. बाथरूममध्ये उभं राहून धापा टाकणारी! म्हणजे अमेरिकेतल्या कुठल्यातरी वकिलाला आणि मला एकच रोग. मी पडद्याआड बसून रडले, आणि मग तिचा फॉर्म भरला. नाव, वय, काय त्रास, ई-मेल. खाली अजून एक रकाना होता, दुसरा ई-मेल असल्यास. सरकारी माणसाला रिकामा रकाना बघवत नाही. त्यात कायतरी भरायलाच पाहिजे, नाहीतर अर्ज परत येईल असं हाडात बसलेलं असतं. मी ऑफिसचा ई-मेल टाकला आणि विसरून गेले.

ती ताई मला ‘जयभीम ताई’ म्हणून लिहायची. मी तिला ‘जयभीम ताई’ म्हणून. मराठीच, पण इंग्रजी अक्षरांत. आठवड्याला एक पत्र माझं, एक तिचं. चार-पाच महिने चाललं. तिनं मला एकदाही म्हटलं नाही की तुमच्या मनाचे खेळ आहेत. ती म्हणाली, कुत्रं चावल्यावर दुखतं त्याला आजार म्हणत नाहीत. मला हे फार बरं वाटलं. मग तिनं एक काम दिलं. त्या माणसानं काय काय केलं ते तारीखवार लिहा, कोण हजर होतं तेही लिहा, आणि खाली तुम्हाला त्याचं काय व्हावंसं वाटतं ते लिहा. माफ करायची घाई करू नका. लिहा आणि मला पाठवा.

मला काय, तारीखवार लिहायची सवयच. साईटची डायरी मी कधी चुकवली नव्हती. एकवीस नोंदी झाल्या. कोण पाहुणा आला होता, साहेब काय म्हणाले, कोण हसलं. माझं टेबल रेकॉर्ड रूमच्या दाराशी संडासाच्या समोर कधी हलवलं. ‘सरकारचे जावई ऐकले होते, आता सुना पण आल्या,’ असं कुणाच्या समोर म्हणाले. आणि खाली मला काय वाटतं ते. त्यात मी हात आखडता घेतला नाही. त्याची सफारी भर बैठकीत मागून उसवू दे. त्याला असा वरिष्ठ मिळू दे की जो त्याला उभा ठेवून स्वतः शेंगा खात बसेल. त्याच्या लेकीचा सासरा त्याला रोज तेच तीन प्रश्न विचारू दे. शेवटी तर आईची आठवण काढून सरळ ‘मुडदा बशिवला त्याचा’ असं लिहिलं. इंग्रजी अक्षरांत ते फार शोभून दिसलं. पाठवून दिलं आणि त्या रविवारी मला झटका आला नाही.

आता चूक ऐका. त्या काळात फुकटच्या ई-मेलला जागा इतकी कमी असायची की चार फोटो आले की पेटी भरली. माझी एक मैत्रीण मला रोज गुलाबाची फुलं आणि सुविचार पाठवायची. पेटी भरली. ताईचं उत्तर परत गेलं. तिनं पुन्हा पाठवलं, पुन्हा परत. बिचारीला काळजी वाटली, एवढं सगळं लिहून बाई गप्प का. तिनं माझा फॉर्म काढला, दुसरा रकाना बघितला, आणि तिकडं पाठवून दिलं.

आमच्या ऑफिसला ई-मेल एकच होता, आख्ख्या कार्यालयाला मिळून. कॉम्प्युटर साहेबांच्या केबिनबाहेर. आवक-जावकचे भाऊसाहेब, म्हणजे टपाल बघणारे जुने कारकून, रोज अकराला तो चालू करायचे, आलेली प्रत्येक मेल छापायचे, तिच्यावर गोल शिक्का मारायचे, आवक क्रमांक घालायचे, रजिस्टरात चढवायचे आणि साहेबांच्या टपालाच्या पॅडमध्ये लावायचे. जाहिरात आली तरी नंबर पडायचा. भाऊसाहेबांना मजकुराशी देणंघेणं नव्हतं. कागद आला, नंबर पडला, विषय संपला.

सोमवारी दुपारी शिपायानं माझ्या टेबलावर एक कागद ठेवला. “बाई, तुमचं टपाल हाय.” आणि तो गेला नाही, तिथंच घुटमळत उभा राहिला. मी बघितलं. वरती ‘जयभीम ताई’. त्याच्या बरोबर डोक्यावर गोल शिक्का. खाली ताईचं उत्तर, आणि त्या उत्तराच्या खाली माझं आख्खं पत्र, तेव्हा मागचं पत्र जोडूनच यायचं ना. एकवीस नोंदी, सफारी, शेंगा, मुडदा, सगळं. कागदाच्या कोपऱ्यात चार टेबलांच्या सह्या. म्हणजे सकाळपासून तो सगळं ऑफिस फिरून माझ्याकडं आला होता.

मेले, असं म्हणतात ना, तसं झालं. मी कागद छातीशी धरून समोरच्या संडासात गेले आणि कडी लावली. आयुष्यात पहिल्यांदा ते टेबल तिथं असल्याचा उपयोग झाला.

आत उभं राहून मी समास बघितला. समासात हिरवी शाई. साहेबांना कुठल्याही कागदावर शेरा मारल्याशिवाय राहवायचं नाही. लग्नाची पत्रिका आली तरी ‘पाहिले’ लिहून सही करायचे. इथं त्यांनी लिहिलं होतं, ‘सदर कर्मचारी मनोरुग्ण दिसते. आरक्षणाने खुर्ची मिळते, डोके मिळत नाही. आस्थापनेने नोंद घ्यावी व खुलासा मागवावा.’ खाली लांबलचक सही. सहीखाली तारीख.

मी ते पाच-सहा वेळा वाचलं. पहिल्यांदा रडू आलं. दुसऱ्यांदा राग आला. आणि मग, काय सांगू तुम्हाला, मला हसू यायला लागलं. चार वर्षं मी जे शोधत होते ते माझ्या हातात होतं. तोंडानं बोललेलं हवेत जातं. ह्या माणसानं स्वतःच्या हातानं, हिरव्या शाईत, तारीख घालून, शासकीय कागदावर लिहून दिलं होतं. आणि कागदाला नंबर पडला होता. मी तोंड धुतलं, पर्स घेतली, समोरच्या झेरॉक्सवाल्याकडं गेले आणि वीस प्रती काढल्या.

परत आले तर साहेबांचा लघुलेखक माझ्या टेबलाशी. कुणीतरी साहेबांना शहाणपण सांगितलं असावं. म्हणाला, “बाई, तो कागद साहेबांनी परत मागितलाय. चुकून आलाय.”

मी म्हटलं, “चुकून कसा? माझा खुलासा मागितलाय की त्यावर. खुलासा दिल्याशिवाय कागद परत देऊ? नियमात बसत नाही.” आवाज थरथरला असेल, पण निघाला.

मग साहेब स्वतः भाऊसाहेबांच्या टेबलाशी गेले. हे मी डोळ्यांनी बघितलं. रजिस्टर उघडं होतं. नोंद होती, ‘प्रेषक, अमेरिका. विषय, कर्मचारी मनःस्वास्थ्य.’ सुंदर अक्षरात. साहेब हळू आवाजात म्हणाले, ती ओळ खोडा. भाऊसाहेबांनी चष्मा काढला. “आवकला नंबर पडला की पडला, साहेब. तीस वर्षं झाली, माझ्या रजिस्टरात खाडाखोड न्हाय.” भाऊसाहेब काही माझ्या प्रेमापोटी बोलले नाहीत, बरं का. माझ्याकडं त्यांनी कधी ढुंकून बघितलं नव्हतं, आणि माझ्या डब्यातलं त्यांनी कधी खाल्लं नाही. त्यांचं प्रेम रजिस्टरावर होतं. मला तेवढं बास झालं.

समाजातली पोरं संध्याकाळी घरी आली. बातमी पोचली होती. म्हणाली, ताई, सांगा फक्त, गाड्या भरून येतो. मी म्हटलं, “थांबा. मला ह्याला कागदावरच मारायचं हाय.” आई चहा करता करता म्हणाली, “मारंल ती. बाची लेक हाय.”

मी खुलासा लिहिला. चार पानं. एकवीस नोंदी ताईसाठी लिहिलेल्याच होत्या, तारखा, हजर माणसं, सगळं तयार. फक्त इंग्रजी अक्षरांतून देवनागरीत आणलं. मुडद्याचं तेवढं वगळलं. शेऱ्याची प्रत जोडली. वरच्या कार्यालयाला, त्याच्या वरच्या कार्यालयाला, अनुसूचित जाती-जमाती आयोगाला, सगळीकडं पाठवलं, आणि प्रत्येक ठिकाणचा आवक क्रमांक घेऊन आले.

ताईला कळवलं तेव्हा तिला धक्का बसला. तिनं लांबलचक माफी मागितली, मी तुमचं गुपित फोडलं म्हणाली. मी लिहिलं, ताई, माफी कसली मागता, तुम्ही मला दारूगोळा पाठवलात. मग तिनं एक वाक्य लिहिलं. सूड वेगळा आणि बरं होणं वेगळं, दोन्ही एकाच वाटेनं मिळतील असं धरून चालू नका. मी मनात म्हटलं, असेल तुमच्या अमेरिकेत.

निकाल आधीच सांगून टाकते, म्हणजे तुमचा जीव टांगणीला नको. साहेबांवर ठपका आला आणि त्यांची बदली झाली. माझे वाईट सीआर वरच्या साहेबांनी पुन्हा लिहिले आणि पुढच्या यादीत मी उपअभियंता झाले. आईनं गल्लीत पेढे वाटले, ज्यांना द्यायचे नव्हते त्यांनापण दिले. पण मला सांगायचं आहे ते चौकशीच्या दिवसाचं, कारण ते मी आजवर ताई सोडून कुणालाच सांगितलेलं नाही.

चौकशी विश्रामगृहावर होती. वरून दोन अधिकारी आले होते. आधी मला बोलावलं. मी बोलत गेले आणि पाऊण तास बोलले. बाहेर आले तर शिपाई म्हणाला, जबाब टाईप होतोय, सही करून जावा. म्हणून मी व्हरांड्यातल्या बाकावर बसले. बाक एकच होता. दुसऱ्या टोकाला साहेब, आपली पाळी यायची वाट बघत.

मी समोर बघत होते. पण कान आणि डोळ्याचा कोपरा तिकडंच. साहेब फाईल उघडत होते, मिटत होते. मग फाईल मांडीवर पडली ती उचललीच नाही. रुमालानं कपाळ पुसलं. परत पुसलं. सफारीचं वरचं बटण काढलं. उजव्या हाताची बोटं उघडमीट करायला लागले, मुंग्या आल्यासारखी. श्वास वरवर, भराभर. हार्टचं असतं तर मी शिपायाला हाक मारली असती, एवढी काही मी राक्षसीण नाही. पण हार्टचं नव्हतं ते. मला ओळखू येतं. कोल्हापूर जिल्ह्यात त्या दिवशी माझ्याइतकं कुणालाच ते ओळखता आलं नसतं.

मग त्यांनी हाक मारली. आवाज त्यांचा नव्हताच. “बाई.”

मी वळून बघितलं.

“तुम्हास्नी व्हायचं... बैठकीत... ते असंच व्हायचं काय?”

चार वर्षं मला हे ऐकायचं होतं. कुणीतरी कबूल करावं की मला खरोखर काहीतरी होत होतं, आणि ते त्यानंच कबूल करावं. मी म्हटलं, “व्हय साहेब. असंच.”

त्यांनी मान हलवली. म्हणाले, “किती वेळ ऱ्हातंय हे?”

आता मला उत्तर माहीत होतं. ताईनं अगदी पहिल्या पत्रात तेच सांगितलं होतं. दहा-पंधरा मिनिटं. ह्यानं कुणी मरत नाही. पाय जमिनीला घट्ट टेका, श्वास हळू सोडा, लाट येते तशी उतरते. एवढं वाक्य माहीत झालं आणि माझं निम्मं भय गेलं होतं. ते त्यांना सांगायला मला दहा सेकंद लागले असते. माझ्या ओठावर आलं होतं. त्यांचे डोळे माझ्यावर होते, आणि चार वर्षांत पहिल्यांदा त्यांच्या डोळ्यांत हसू नव्हतं.

मी म्हटलं, “माझं चार वर्षं ऱ्हायलं, साहेब.”

त्यांचं तोंड पांढरंफटक पडलं. आतून बेल वाजली, शिपायानं नाव पुकारलं. ते उठले, भिंतीला हात लावून दारापर्यंत गेले. दार लोटताना मला ऐकू आलं, त्यांनी सगळ्यात आधी पाणी मागितलं. टायपिस्ट माझा जबाब घेऊन आला आणि मी तीन ठिकाणी सह्या केल्या.

घरी गेल्यावर ते सगळं मी ताईला लिहिलं, एक अक्षर न लपवता. मला वाटलं होतं, आता ही रागावणार. चार दिवसांनी उत्तर आलं. रागावली नव्हती. तिनं एवढंच विचारलं होतं, आज परत त्या बाकावर बसलात आणि त्यांनी तेच विचारलं, तर सांगाल का?

मी घाईनं उत्तर दिलं नाही. दोन दिवस खरंच विचार केला. त्यांचं तोंड आठवलं, भिंतीवरचा हात आठवला. आणि मग बसून लिहिलं, ‘न्हाय.’